आतला टायर

हे खरं घडलंय. शपथ घेत नाही, कारण शपथा घेणाऱ्यांवर माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही. पण यातला एक माझा सख्खा भाऊ आहे आणि एक माझा नवरा. त्यांच्याबद्दल थापा मारून मला काय मिळणार?

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. ऊन मी म्हणत होतं, आवारात ड्रायव्हरांचे शर्ट दोरीवर वाळत होते, आणि तरीही...

असो. पहिल्यापासून सांगते.

आमची ट्रकची कंपनी म्हणजे नावालाच कंपनी. तीन ट्रक, एक पत्र्याची शेड, आणि एक ऑफिस, ज्यात दुसरी खुर्ची टाकली की दार उघडत नाही. मी तिथे फोनवर बसते. मालक माल शोधतात, मी गाड्या शोधते. "कुठपर्यंत आलात?" हे मी झोपेतही बडबडते, असं ह्यांचं म्हणणं. हे म्हणजे माझे मिस्टर. ते तिथेच ड्रायव्हर. माझा मोठा भाऊ, दादा, तोही तिथेच ड्रायव्हर होता. तिसऱ्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण फुंकर मारली तर उडून जाईल अशी त्याची तब्येत आहे.

मोठ्या कंपन्यांत गाडी तपासायला वेगळी माणसं असतात म्हणे. आमच्याकडे सगळं ड्रायव्हरनेच करायचं. गाडी त्यानेच चालवायची, ताडपत्री त्यानेच बांधायची, आणि माल उतरवायला माणूस कमी पडला तर पाठही त्याचीच. गाडी उभी राहिली की मालकांचा जीव वरखाली होतो. त्यामुळे एक उतरला की दुसरा चढतो, इंजिनाला गार व्हायलाही सवड नसते.

म्हणून दादाने एक पद्धत पाडली होती.

गाडी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना उतरणाऱ्याने लाकडी दांडकं घ्यायचं आणि एकेक टायर वाजवत गाडीभोवती फेरी मारायची. चढणाऱ्याने इंजिन बंद ठेवून केबिनमध्ये बसायचं आणि ऐकायचं. हवा नीट असेल तर दांडकं उडतं आणि टण्ण असा आवाज येतो. हवा कमी असेल तर नुसतं भद्द. मागची चाकं जोडीने असतात, एक बाहेर आणि एक आत. आतल्याची हवा गेली तरी बाहेरच्याच्या जोरावर गाडी सरळ उभी राहते, नजरेला काही कळत नाही. तिथे खाली वाकून, हात आत घालून वाजवावं लागतं.

फेरी झाली की केबिनच्या दारावर दांडक्याने दोनदा टकटक करायचं. मग आतला एक छोटा हॉर्न देणार. म्हणजे, ऐकलं, आता गाडी माझी.

"पण चढणाऱ्यानेच का नाही तपासायचं?" मी एकदा दादाला विचारलं होतं.

"अगं, स्वतःसाठी माणूस कंटाळा करतो," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या जिवासाठी वाजवताना नाही करत."

तो स्वतः वाजवायचा तेव्हा दर टायरनंतर घसा खाकरायचा. सवयच होती त्याला. ऑफिसात बसूनही मला कळायचं, आज दादा वाजवतोय.

त्या दिवशी मी रजेवर होते. पोरीला ताप चढला होता. ती डोळे फिरवायला लागली तसं माझं धाबं दणाणलं. मी ह्यांना फोन केला. हे गाडी घेऊन परत येत होते.

"कुठपर्यंत आलात? लवकर या हो, पोरगी कसंतरीच करतेय."

आमचं घर आवाराच्या मागच्याच गल्लीत. हे धापा टाकत आत शिरले, तेव्हा पोरगी उशीला टेकून बिस्किट खात होती. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले होते. हे मटकन खालीच बसले.

तिकडे गाडी दादा घेऊन गेला होता.

संध्याकाळी मालकांचा फोन आला.

लांबच्या उतारावर, वळणावर, गाडी कठडा तोडून खाली गेली होती. मागचा, डावीकडचा, आतला टायर फुटलेला सापडला. दादा जागच्या जागी गेला.

पण टायर फुटल्यामुळे गाडी गेली, की गाडी गेल्यामुळे टायर फुटला, हे कोण सांगणार? मालकांनी सांगून टाकलं, डुलकी लागली असणार. बाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत जाता जाता त्या डुलकीची दारू झाली. ज्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावला नाही, त्याच्याबद्दल!

वहिनी एकटी सगळ्यांशी भांडत होती.

"ते झोपणाऱ्यातले नव्हते," ती म्हणायची. "भावोजी, तुम्ही तरी सांगा ना लोकांना. तुम्हीच दिली होती ना गाडी? टायर वाजवले होते ना?"

"वाजवले होते," हे म्हणाले.

जमिनीकडे बघून म्हणाले. मला वाटलं, दुःख आहे.

मग ती गाडी दुरुस्त होऊन आली. डावीकडचं दार नवीन बसवलं होतं, ते वेगळ्याच निळ्या रंगाचं. तीन गाड्यांच्या कंपनीत आवडनिवड कुठली? ती ह्यांच्याच वाट्याला आली.

पहिल्याच दिवशी हे तासाभरात घरी परतले.

"गाडी?"

"नाही नेली."

"का?"

"पैलवानाने टायर वाजवले, टकटक केली आणि तो हात धुवायला गेला. मी त्याला नळावर बघत होतो..." हे थांबले. "तरी कुणीतरी टायर वाजवत होतं."

"उंदीर असेल."

"उंदराच्या हातात दांडकं असतं का?"

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, मी हसले. पण हे हसले नाहीत.

त्यानंतर ह्यांचं जेवण तुटलं. पाठदुखी, पोटदुखी, रोज नवीन दुखणं. मालक मला ऐकवायला लागले, "तुझ्या नवऱ्याला गाडी चालवायची आहे की नाही?" शेवटी एक दिवस मीच उठले.

"चला, मी बसते तुमच्या शेजारी. बघू कोण वाजवतं ते."

दुपार होती. पैलवान आधीच आपली फेरी करून गेला होता. समोरच्या टपरीवर बसून चहा पीत होता, मला केबिनमधून स्वच्छ दिसत होता. दांडकं शेडच्या भिंतीला टेकवलेलं होतं. तेही दिसत होतं. आवारात दुसरं कुणी नव्हतं.

इंजिन बंद. काचा खाली.

हे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते. मी काहीतरी थट्टा करायला तोंड उघडलं, आणि...

टण्ण.

माझ्या पायाखालून. पुढच्या टायरवरून.

मी आरशात बघितलं. कुणी नव्हतं. ऊन, धूळ, आणि गाडीची सावली.

दांडकं भिंतीलाच टेकलेलं होतं.

टण्ण...

आता पलीकडून. मग मागून. एकेक करत, सावकाश, अजिबात घाई न करता. आणि दोन आवाजांच्या मधे...

कुणीतरी घसा खाकरला.

तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. शाळेत सोडायला यायचा तेव्हापासून.

"दादा..." माझ्या तोंडून निघालं.

आवाज फिरत फिरत डावीकडे मागे आला. बाहेरचा टायर वाजला. टण्ण.

मग...

काहीच नाही.

मी वाट बघत राहिले. ना टण्ण, ना भद्द. दारावर टकटकही नाही. मागे कुणीतरी वाकून थांबलंय असं वाटत होतं, एवढंच.

आणि थोड्या वेळाने पुन्हा, पुढच्या टायरपासून. टण्ण.

"तिथेच थांबतो," हे कुजबुजले. ह्यांची बोटं पांढरी पडली होती. "रोज तिथेच थांबतो. आतल्या टायरपाशी."

"का पण?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

"मी तो वाजवला नव्हता गं. मी वाकतच होतो, तेवढ्यात खिशात फोन वाजला. बघितलं तर तुझा. वाटलं, गेली पोरगी. उचलायची हिंमतच झाली नाही. तसाच उठलो, बाहेरच्याच टायरला दुसऱ्यांदा मारलं, दारावर टकटक केली आणि पळालो. दादाने आत बसून मोजले असतील, बरोबर भरले असतील. हॉर्न दिला त्याने. वर ओरडला, 'पळा जावईबापू, पोरीला बघा आधी!'"





तो फोन मला आठवत होता. तो दुसरा फोन. डॉक्टर गेले होते, पोरीचा ताप उतरला होता, ती बिस्किट मागत होती. ह्यांचा जीव टांगणीला लागला असेल म्हणून मी फोन केला होता. एवढंच सांगायला, की आता ठीक आहे. सावकाश या.

हे धावत घरात आले, मग तो फोन कशाला होता, हे विचारायचं ह्यांच्याकडून राहूनच गेलं. आणि त्या दिवशी केबिनमध्ये मला ते सांगता आलं नाही.

हे दार उघडून उतरले आणि शेडच्या पायरीवर जाऊन डोकं धरून बसले. मीही उतरले. भीती वाटत होती? वाटत होती. पण मी भिंतीजवळ गेले, दांडकं उचललं, मागे गेले, डाव्या बाजूला वाकले आणि हात आत घातला. आत गारवा होता. बाहेर एवढं ऊन असताना तिथे तळघरासारखा गारवा होता.

मी आतला टायर वाजवला.

टण्ण.

मग पुढे येऊन त्या नव्या निळ्या दारावर दोनदा टकटक केली. का केली, माहीत नाही. पद्धत होती म्हणून.

आणि...

हॉर्न वाजला.

छोटा, एकदाच.

मी केबिनमध्ये बघितलं. रिकामी होती. हे पायरीवरच बसले होते, तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होते.

त्याच संध्याकाळी आम्ही वहिनीकडे गेलो. ह्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. फोनचं नाव काढलं नाही. "मला घाई झाली, माझी चूक," एवढंच म्हणाले. मी शेजारी उभी होते. मीही फोनचं नाव काढलं नाही.

वहिनी ओरडेल, मारेल, असं वाटलं होतं. तिने एकच विचारलं.

"त्यांनी हॉर्न दिला होता?"

"दिला होता," हे म्हणाले.

"म्हणजे तुमच्या भरवशावर गेले," ती म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हे टपरीवर गेले आणि चार लोकांसमोर हेच बोलले. मालकांनाही सांगितलं. दादाच्या नावाला लागलेला डाग पुसला गेला. वहिनी आमच्याशी बोलत नाही, आणि मी तिला नावं ठेवत नाही. ह्यांनी गाडी सोडली. आता एका गोदामात कामाला जातात, रात्री शांत झोपतात. सांगून मोकळे झाले ना.

ती गाडी पैलवान चालवतो. त्याला काही ऐकू येत नाही. मला वाटलं, संपलं.

परवा दुपारी मी ऑफिसात एकटीच होते. तिन्ही गाड्या बाहेर होत्या. आवार मोकळं, नुसती धूळ.

आणि बाहेर...

टण्ण.

मी खिडकीतून बघितलं. गाडीच नव्हती. जिथे ती उभी असते, तिथे तेलाचे डाग होते फक्त. पण आवाज फिरत होता. पुढून मागे, सावकाश, मधे घसा खाकरत. डावीकडे मागे आला.

टण्ण.

आणि थांबला.

टेबलावर माझा फोन होता. मी तो हातात घेतला. ह्यांचा नंबर काढला. लावायचा आणि सांगून टाकायचं, की अहो, त्या दिवशीचा माझा फोन... पण हे ऐकून त्या माणसाचं काय होईल?

मी फोन परत खाली ठेवला.

तो अजून थांबलाय बाहेर. रोज दुपारी थांबतो.