हैबतरावाची दाढी

पौडला नदीकाठी बाग झाली, बागेत खुला रंगमंच उभा राहिला, तेव्हा लोकांना वाटलं, चला, आता आपलं गाव म्हणजे पुणंच की! बागेच्या पायथ्याशी दहाव्याचा जुना घाट होता. वर नाटकाच्या तालमी, खाली पिंडदान. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आपल्याकडं वाटतं कुणाला काय?

इलाही गावोगावच्या नाटकांना टोप आणि दाढ्या-मिश्या करून द्यायचा. त्या दिवशी रंगमंचाच्या उद्घाटनाचा प्रयोग. पोरसवदा आनंदा पहिल्यांदाच राजा होणार, आणि नेमकी राजाची दाढी उंदरांनी कुरतडलेली! सकाळी इलाही घाटावर उतरला, तर नथू न्हावी दहा दिवसांपूर्वी गेलेल्या हैबतरावाच्या पोरांची डोकी करत होता. केस काळेभोर, दाट.

"नदीतच सोडायचे हायेत. न्या की," नथू म्हणाला.

मेलेल्याच्या नावानं उतरवलेले केस! पण अडला हरी, काय करणार? इलाहीनं ते पिशवीत कोंबले अन् दुपारपर्यंत त्यांची दाढी गुंफली.

तिकडं पिंडाला कावळा काही शिवेना. पोरांनी आईला सांभाळायचं कबूल केलं, बांधाचं भांडण मिटवायचं कबूल केलं. कावळे आपले लांबच. हैबतराव पक्का नाटकवेडा. साऱ्या पौडात इलाहीला 'इलाह्या' म्हणणारा तोच एक. या रंगमंचासाठी त्यानं चपला झिजवल्या, अन् राजाचं काम करायच्या आधीच गेला. पण ते पोरांच्या ध्यानात कुठलं यायला? शेवटी दर्भाचा कावळा शिववून ती घरी गेली.

संध्याकाळी प्रयोग रंगला. पहिल्या अंकात आनंदाची दाढी काळी होती. दुसऱ्या अंकात ती करडी झाली.

"काय हात हाय इलाहीचा!" लोकांनी टाळ्या पिटल्या.

विंगेत इलाहीनं पांढऱ्या रंगाची डबी उघडून पाहिली. त्यानं दाढीला पांढरा रंग लावलाच नव्हता.

खेळ संपल्यावर रंगपटात त्यानं स्पिरिटचा बोळा घेतला आणि दाढी भिजवली. निघेना. ओढली, तर आनंदा कळवळला. इलाहीनं दिवा जवळ धरला. एकेक केस कातडीतून वर आला होता. चिकटवलेली दाढी उगवली होती.

"चाचा... तोंडात कायतरी हाय..."

आनंदानं तोंड उघडलं. शी! शिळा भात, आंबलेलं दूध, भिजलेले तीळ, सगळा तो पिंडाचा वास भपकन बाहेर आला. दाढेमागून एक केस लोंबत होता. इलाहीनं चिमटीत धरून ओढला. तो येतच राहिला, बुळबुळीत, कोमट, हातभर लांब. टोकाला भाताची शितं चिकटलेली. इलाहीनं तोंडाला खांद्यावरचा गमछा लावला आणि तिथंच भडाभडा ओकला.

"चाचा, मला सोडून जाऊ नगा..."

"न्हाई रं लेकरा. माझं पाप मीच निस्तरतो."

दिवस उगवताच इलाही त्याला घेऊन घाटावर आला. नथूनं ती दाढी भादरली आणि एकूण एक केस नदीत सोडला. इलाहीनं भाताचा पिंड मांडला. ना त्याच्या धर्मात हे, ना आनंदा हैबतरावाच्या नात्यातला. पण पोराचा जीव वाचवायचा तर धर्म कसला बघता!

"हैबतराव, चुकलो मी. तुमचं राजाचं काम झालं. आता पोराला सोडा."

कावळा लगेच आला. भाताकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. थेट आनंदाच्या खांद्यावर बसला आणि हनुवटीला एकदा चोच मारून उडाला.

"शिवला! सुटला गडी!" नथू ओरडला.

आनंदाची हनुवटी गुळगुळीत झाली होती. इलाहीला रडूच फुटलं. त्यानं पोराला पोटाशी धरलं, पाणी पाजलं. आनंदानं खळखळून चूळ भरली. पाण्यात शितं तरंगली, त्यात तीळ होते. मग बाहीनं तोंड पुसत त्यानं वर रंगमंचाकडं पाहिलं आणि जाड, ओळखीच्या आवाजात विचारलं,

"इलाह्या, फुडचा खेळ कधी रं?"