पाच-दोन-नऊ

आमची कंपनी माहितीला कुलूप घालणारं सॉफ्टवेअर बनवते आणि ते कुलूप फोडून बघणं हे माझं काम. ताई म्हणते, तुझ्या जन्मजात खोडीलाच पगार मिळतोय. पडद्यावर माउस वेडावाकडा फिरवायचा, त्या गिरगोट्यातून कुणालाही ओळखता येणार नाही अशी लांबलचक आकड्यांची किल्ली तयार होते. निदान व्हायला हवी.

परवा माझी किल्ली पाच-दोन-नऊ अशी सुरू झाली. माउस पुन्हा फिरवला. पुन्हा तीच किल्ली, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. कोड उघडला तर चूक समोरच होती. गिरगोट्याकडे कुणी बघतच नव्हतं, दर वेळी एकाच ठरलेल्या आकड्यावरून किल्ली पाडली जात होती. मी ती चूक दुरुस्त केली. तरी पाच-दोन-नऊ. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला डाव्या हाताने फिरवायला लावलं. पाच-दोन-नऊ.

मला घाम फुटला तो ताईसाठी. नवऱ्याच्या माराला कंटाळून पळालेली माझी बहीण ज्या महिला आधारगृहात लपली होती, तिथले सगळे पत्ते आमच्याच कुलपात होते. आणि भावोजी तिला शोधत दारोदार हिंडत होते.

"गिऱ्हाईक काही किल्ली वाचत बसत नाही," साहेब म्हणाले. "तपासणी झाली म्हणून सही करून टाक."

"चोर वाचतात," मी म्हटलं. "माझी सही मिळणार नाही. नोकरी घ्यायची तर खुशाल घ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईला तिथून बाहेर काढलं. कुठे जायचं हे मलाच माहीत नसेल, तर भावोजींना कुठून कळणार? बस स्थानकावर नाणं उडवलं. छापा आला तर डावीकडची बस, काटा आला तर उजवीकडची. बस बदलताना दर वेळी तसंच. ताई कितीतरी दिवसांनी हसली.

"एवढी हिशेबी तू, आणि आता छापा-काटा?"

शेवटच्या थांब्यावर उतरताना मी ते नाणं नाल्यात फेकून दिलं. समोर एक दुमजली लॉज होतं.

"दोघी बहिणी ना?" काउंटरवरचा माणूस म्हणाला. "खोली राखून ठेवलीय. सकाळीच फोन आला होता, तुमच्या भावोजींचा."

सकाळी मी नाणं पर्समधून काढलंही नव्हतं.

त्याने किल्ली पुढे सरकवली. बिल्ल्यावर आकडा होता, ५२९.

ताई भिंतीला टेकली.

काउंटरवरचा फोन वाजला. त्या माणसाने तो उचलून, कानाला न लावताच, माझ्याकडे दिला.

भीती वाटत होतीच. पण राग तिच्याहून मोठा होता.

"ऐका भावोजी," मी म्हटलं. "आकडे सगळे तुमचे असतील. ताई तुमची नाही. तुम्ही शोधत राहा, आम्ही निघत राहू."



पलीकडे फक्त एक नाणं फरशीवर पडलं, गिरक्या घेत राहिलं आणि थांबलं.