यादीतले तेवीस

तुम्ही ड्रायव्हर आणि मी एकतीस वर्षं कंडक्टर, म्हणून तुम्हालाच सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, म्हातारा भ्रमिष्ट झाला. तुमची गाडी सुटायला अजून अवकाश आहे, तेवढ्यात सांगून होईल.

आज सकाळी दहाला मी या बंदरावर उतरलो. जहाज संध्याकाळी पाचला सुटणार होतं. काउंटरवाल्यांनी मोठी बॅग ठेवून घेतली आणि म्हणाले, काका, चारपर्यंत फिरून या. सहा तास! अनोळखी गावात एकट्या माणसाने सहा तास काय माशा मारायच्या? जोडीजोडीने लोक फोटो काढत होते. माझा फोटो काढायला कुणी नव्हतं आणि मलाही कुणाचा काढायचा नव्हता. तेवढ्यात कळलं, कंपनीची बस प्रवाशांना गाव दाखवून चारला परत आणते. बसलो. तिसऱ्या ओळीतली खिडकी धरली, हातातली पिशवी सीटवर ठेवली. तिकीट, ओळखपत्र, फोन, सगळं त्या पिशवीत.

तिकीट लेकीने काढलं होतं. तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. तिची आई दवाखान्यात होती तेव्हा मी तिला कळवलं नाही. पोर लांब राहते, पदरात लहान मूल, उगाच जिवाला घोर कशाला, असं म्हणत राहिलो. शेवटी कळवलं, तेव्हा ती येऊन पोचली ती रिकाम्या खाटेपाशी. त्या दिवशीसुद्धा मी 'माझं चुकलं' म्हणालो नाही. उलट तिलाच म्हणालो, रडून काय होणार आता. ती तशीच उठून गेली. आणि गेल्या महिन्यात हे तिकीट आलं, सोबत चिठ्ठी. 'दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जहाज आमच्या गावी लागतं. मी आणि पिल्लू तिथे चढू. चार दिवस आहेत. बोलायचं असेल तर बोला.'

दोन शब्द बोलायचे होते हो. सकाळपासून तोंडात घोळवत होतो.

गाव दाखवणारी मुलगी तरतरीत होती. हातात पिवळी छत्री, लोकांना लांबून दिसावी म्हणून. पण तिचं मोजणं म्हणजे नुसता गोंधळ. लोक हलले की ती पुन्हा एकपासून सुरू. मला राहवेना. म्हटलं, "पोरी, असं नाही मोजायचं. मागून दाराकडे यायचं, प्रत्येक बाकाला हात लावत." मी उठून मोजून दाखवलं. तेवीस. तिच्या यादीतही तेवीस.

"काका, तुम्हीच मोजत जा आता," ती हसून म्हणाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? किती दिवसांनी कुणीतरी माझ्यावर काम सोपवलं होतं.

मोजताना शेवटच्या बाकावर खिडकीकडे तोंड करून एक माणूस बसलेला दिसला होता. राखाडी स्वेटर, मानेवर पांढरे केस. त्याच्यापाशी वास येत होता... भिजलेल्या खाकीचा. पावसात दिवसभर ड्यूटी करून अंगावरच वाळलेल्या कपड्यांना येतो ना, तसा. बाहेर तर कडक ऊन होतं.

दीपगृहापाशी बस थांबली. सगळे उतरून वर गेले. मी कठड्याला टेकून वाऱ्यात उभा राहिलो, आणि एकाएकी ध्यानात आलं. कंडक्टर गाडीतली माणसं मोजतो, पण स्वतःला कधी मोजतो का? यादीतल्या तेवीसांत मीही होतो, आणि मी मोजले ते तेवीस मला सोडून होते. म्हणजे बसमध्ये चोवीस माणसं होती.

बसकडे गेलो. तो उतरलाच नव्हता. तसाच बसलेला, पाठमोरा.

"पाहुणे... तुम्ही कुणाबरोबर आहात?"

"एकटाच," तो हळूच म्हणाला. "तुमच्यासारखा..."

आवाज ओळखीचा वाटला, पण कुणाचा ते आठवेना. मी खाली उतरून छत्रीवालीला गाठलं. "अगं, एक माणूस जास्त आहे." ती घाईत होती. म्हणाली, "काका, यादी बरोबर आहे ना? उशीर होतोय. दाराशी उभे राहून पुन्हा मोजा हवं तर."

मग मी सगळ्यांना खाली बोलावलं. तोही उतरला असावा. गर्दीत दिसला नाही. मी दाराशी उभा राहिलो आणि सवयीने, तोंडं न बघता, चढणारा एकेक माणूस मोजू लागलो. वीस... एकवीस... बावीस... तेवीस. यादी पुरी झाली, आणि माझा हात आपोआप उठला. पत्र्यावर दोनदा थाप मारली. एकतीस वर्षांची सवय! एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तुमच्या ड्रायव्हर मंडळींचे पाय त्या थापेला कसे हलतात, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दार मिटलं, बस निघाली.

मी खालीच.

ओरडलो, धावलो. तिसऱ्या ओळीच्या खिडकीत तो बसला होता. मांडीवर माझी पिशवी. आता त्याचं तोंड माझ्याकडे होतं. मी ते तोंड रोज सकाळी दाढी करताना बघतो.

सहा किलोमीटर चाललो. बंदरावर पोचलो तेव्हा जहाज धक्क्यापासून सुटलं होतं. फाटकावरच्या माणसाने यादी पाहून सांगितलं, "बसने गेलेले तेवीसच्या तेवीस चढले, काका. तुमचं नावही आहे. चढलात की तुम्ही..."

त्याच्या टेबलावरच्या फोनवरून लेकीला फोन लावला. नंबर तोंडपाठ आहे. तीन वर्षांत कितीदा अर्धा फिरवून ठेवला होता. तिने उचलला. आवाज भरलेला होता, पण कसा सांगू, आनंदाने भरलेला. मी धाप लागलेल्या आवाजात घाईघाईने सगळं बोलून टाकलं.

"पोरी, मी बोलतोय, तुझा बाबा. मी जहाजावर नाही. उद्या पिल्लूला घेऊन चढू नकोस... आणि ऐक, माझं चुकलं गं. त्या वेळी तुला कळवायला हवं होतं. माझं चुकलं."

 

मग ती अगदी हळू, परक्या माणसाशी बोलावं तसं बोलली.

"बाबांनी मघाशीच सांगितलंय मला... की असा एक फोन येईल म्हणून."