कार्डात न सापडलेली रात्र

अरबाज, ते मेमरी कार्ड आधी खाली ठेव. पाकीट चकचकीत आहे म्हणजे माल खरा, हे तुला कुणी शिकवलं? आणि लायबा, तू हसू नकोस. मोबाईलचं जुनं कार्ड काढून शाळेच्या कॅमेऱ्यात घालायला तूच निघाली होतीस. बसा दोघंही. लाईट येईपर्यंत सोमाटण्यात दुसरं करणार काय? उमरचं काय झालं ते सांगतो.

उमर म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा मुलगा, लोणावळ्याला कॅमेरे बसवण्याचा धंदा करतो. थापा ठोकणाऱ्यातला नाही. हे त्याने मला सांगितलं तेव्हा भरदुपार होती, दुकानात गिऱ्हाईक होतं, आणि तरी त्याचा चहा कपातच गार झाला.

गेल्या डिसेंबरातला तिसरा शनिवार. आकाशात चंद्र नव्हता. दिवेलागण झाल्यावर उमर लोणावळ्याहून स्कूटरवर मळवलीला निघाला. बायकोला, अफसानाला, सांगून गेला की भात टाक, आलोच. काम तसं किरकोळ होतं. एका बंगल्याच्या कॅमेऱ्यात नवं कार्ड घालायचं आणि परत यायचं.

काम किरकोळ, पण डोकं तापलेलं. कारण हे तिसरं कार्ड होतं.

पहिलं त्याने बाजारातून घेतलं होतं. दुकानदार म्हणाला, "डोळे मिटून घ्या, ओरिजिनल आहे." आणि या शहाण्याने खरंच डोळे मिटून घेतलं. पाकिटावर भला मोठा आकडा, पोटात त्याच्या पावपट जागा. आठवडाभरात ते बसलं. मग दुसरं पुण्याच्या घाऊकवाल्याकडून आणलं, पक्कं बिल घेऊन, खास कॅमेऱ्यासाठी बनवलेलं. मोबाईलचं कार्ड दिवसात चार फोटो लिहितं आणि झोपतं. कॅमेऱ्यातलं रात्रंदिवस लिहीत असतं, भरलं की जुनं पुसून पुन्हा लिहितं. त्याला अंगात दम लागतो. उमरने हे कार्ड काठोकाठ भरून, सगळं परत वाचून तपासलं होतं. चोख होतं. तरी त्या बंगल्यात लावलं की तीच रड. दिवस सगळा सापडायचा. रात्र सापडायची नाही. मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत कार्ड कोरं.

आणि नेमक्या तशाच एका रात्री बंगल्याच्या विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली.

मालक मुंबईचे. फोनवर ते ओरडत नव्हते, तेच वाईट होतं. म्हणाले, "नेमकी तीच रात्र कशी नाही? कुणीतरी कार्ड काढून ठेवलं असणार." आता तिथे राहणारं माणूस एकच. गेटाजवळच्या खोलीत शकुबाई, साठीची विधवा, बंगल्याची राखण तिच्याकडे. मालक म्हणाले, "मी रविवारी सकाळी येतो. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग दाखवा. नाहीतर बाई खोली सोडेल, आणि का सोडतेय ते मी गावात सांगेन."

उमर चिडणार नाही तर काय? त्याने पुण्याच्या व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणतो, "भाऊ, माल ओके आहे, तुमचा कॅमेरा गंडलाय." कॅमेऱ्याच्या कंपनीला लावला. ते म्हणतात, "कार्ड बदलून पाहा." कार्डवाला कॅमेऱ्यावर ढकलतो, कॅमेरावाला कार्डावर, आणि मधल्या मधे बोलणी खातो तो बसवणारा. त्यातून इथे बोलणी खाणारी होती एक म्हातारी, जिने या कार्डाला कधी हातही लावला नव्हता. उमरच्या जिवाला तेच लागलं होतं. तिसरं कार्ड त्याने तळेगावच्या एका दुकानातून घेतलं, दुकानदारासमोर बसून ते पूर्ण भरून, वाचून घेतलं, तेव्हाच पिशवीत टाकलं. दुकानदार वैतागला. वैतागू दे. असंच घ्यायचं असतं, ऐकतोस ना अरबाज?

कार्ला फाट्यावरून आत वळून तो बंगल्यावर पोचला. शिडी लावून खांबावर चढला, जुनं कार्ड काढलं, नवं घातलं. कॅमेऱ्याच्या टप्प्यात गेट येतं, अंगण येतं आणि शकुबाईच्या खोलीचं दार. खाली उतरला तर शकुबाई चहा घेऊन उभी. दोघं तिच्या खोलीत जाऊन बसली.

"घावलं का रं बाबा त्या रातीचं?"

"नाही मावशी."

"मग उद्या सायबाला काय सांगायचं?"

उमर बशीत चहा ओतत राहिला.

"खोली गेली तर जाऊं दे," शकुबाई म्हणाली. "लेक हाय माजी, ठिवून घील. पन चोर म्हनून तिच्या दारात कंच्या तोंडानं जाऊं? इतकी वर्सं राखन केली, कुनाच्या काडीला हात न्हाई लावला."

असं म्हणून ती उठली, भिंतीवरच्या बोर्डाकडे गेली आणि तिने वायफायच्या डब्याचं बटण खट्कन बंद केलं.

उमर ताडकन उठला. "मावशी, हे काय केलंत?"

"रोजच करती. रातच्याला मोबाईल कोन बगतंय? सायबाचं बिल उगं कशापायी वाढवायचं?"

"रोज रात्री बंद करता?"

"व्हय. न इसरता. सकाळी उठून चालू करती."

उमरने कपाळावर हात मारून घेतला. त्या बाजूला मध्यरात्री लाईट एकदा तरी झटका देते, जाते आणि येते. कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होतो. सुरू झाला की आज तारीख काय, हे तो वायफायकडून विचारून घेतो. वायफाय नसलं तर? तर तो स्वतःची मूळ तारीख धरून बसतो. एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. सगळ्या मशिनींची तीच खोड आहे, का ते मला विचारू नका. म्हणजे कार्ड चांगलं होतं, कॅमेरा चांगला होता. रात्र रोज लिहिली जात होती, पण सत्तर सालात. आणि उमर ती शोधत होता चालू महिन्यात.

त्याला हसू आलं, रागही आला, पुण्याच्या व्यापाऱ्याला आपण काय काय सुनावलं ते आठवून लाजही वाटली. त्याने वायफाय चालू केलं आणि बजावलं, "मावशी, आज रात्री या बटणाला हात लावायचा नाही." मग खाटेवर लॅपटॉप उघडला, खांबावरून काढलेलं जुनं कार्ड त्यात घातलं, आणि कॅलेंडर मागे नेत नेत जानेवारी सत्तरवर आणलं.

होतं. सगळं होतं. रोजची रात्र त्याच एका तारखेखाली, एकाखाली एक रचलेली.

"सापडलं मावशी! या, बसा इथं."

शकुबाई पदराला हात पुसत येऊन बसली. बाहेर कुठेतरी शेवटची लोकल गेली, मग आवाज थांबले. उमरने पहिलं रेकॉर्डिंग चालू केलं.

रात्रीच्या कॅमेऱ्याचं चित्र राखाडी असतं, तुम्ही पाहिलंय. तसंच होतं. फक्त... गेट नव्हतं.

उमरला वाटलं, कॅमेरा वाऱ्याने फिरला. पण समोर विसापूरचा डोंगर जिथल्या तिथे होता. कुंपणाची भिंत नव्हती. विजेची तार नव्हती. खोलीचं दार नव्हतं. सारवलेलं मोठं खळं होतं, भात झोडायचं. कडेला भाताच्या पेंढ्यांची उडवी. आणि उडवीला टेकून कुणीतरी बसलेलं. घोंगडी पांघरून, एक गुडघा वर घेऊन. हलत नव्हतं.

"हे कुठलं...?" उमर म्हणाला.

शकुबाई पडद्याजवळ सरकली.

दुसरी रात्र लावली. तेच खळं. तोच माणूस. पण आता उडवीपासून सुटून... खळ्याच्या मधोमध.

तिसरी. अलीकडच्या कडेला.

"मावशी, ओळखीचं आहे का हे?"

"आमचं खळं," शकुबाई हळूच म्हणाली. "बंगला व्हायच्या आदी... हितंच व्हतं."

"आणि तो माणूस?"

शकुबाई म्हणाली, "मामंजी."

तिचा सासरा, नथू. गावाच्या खळ्यांची राखण करायचा. जाऊन जमाना लोटला होता. "ह्ये असंच बसायचे," शकुबाई म्हणाली. "गुडगा वर घिऊन. आख्खी रात."

लायबा, दार लोटून घे. वारा येतोय.

उमरने बंद करायला पाहिजे होतं. पण चोरीच्या रात्रीचं रेकॉर्डिंग त्याच ढिगात होतं. एकाच तारखेखाली सगळ्या रात्री, कुठली रात्र कुठली हे कळायला मार्ग नाही. म्हणून तो बघत राहिला. एकेक रात्र.

माणूस जवळ.

आणखी जवळ.

मग शेवटची. खळं मोकळं. उडवी मोकळी. कुणी नाही.

उमरने श्वास सोडला.

आणि खालून... अगदी काचेच्या खालून... घोंगडीचं टोक वर आलं. मग कपाळ. मग डोळे. सरळ बघणारे. ओठ हलले. त्या कॅमेऱ्याला आवाज टिपायची सोय नाही. ओठ नुसतेच हलले.

आवाज आला.

लॅपटॉपमधून नाही.

अंगणातून.

"कोन हाय रं?"

...

उमरने लॅपटॉप मिटला. शकुबाईने त्याचा हात धरला. आत तो लॅपटॉप. बाहेर ते अंगण. दोघं उंबऱ्यावर येऊन बसली. ना आत, ना बाहेर. पुन्हा हाक आली नाही. त्यापुढची रात्र उमरला आठवत नाही. एवढंच आठवतं की उजाडलं, गार दव पडलं होतं, आणि गेटाच्या आतल्या बाजूला पाण्याची मोटार ठेवलेली होती. ओल्या चिखलाने माखलेली. गेटाला कुलूप तसंच.

उन्हं येता येता मालकांची गाडी आली. त्यांनी मोटार पाहिली, शकुबाईला पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे परत आणून ठेवली. बरं केलंत."

उमरचा संयम सुटला. "थांबा साहेब, आधी बघा, मग बोला," म्हणत त्याने लॅपटॉप उघडला. जुनं कार्ड तपासलं. एकोणीसशे सत्तर रिकामं. एक रात्र नाही. त्याला रडू यायचं बाकी राहिलं. इतकी धडपड करून हातात पुन्हा शून्य! मग सुचलं, खांबावरचं नवं कार्ड काढावं. काढलं, लावलं. त्यात शनिवारची अख्खी रात्र होती. तारीख बरोबर, एकही क्षण गाळलेला नाही.

मालक वाकून बघू लागले. गेट बंद. उंबऱ्यावर उमर आणि शकुबाई, शेजारी शेजारी. रेकॉर्डिंग पळवत नेलं. रात्रभर दोघं तिथेच दिसत होती. पहाटेपर्यंत गेटाजवळची जागा मोकळी. मग एकदम तिथे मोटार. गेट उघडलं नाही. कुणी आत आलं नाही. अगोदरच्या क्षणाला नाही, पुढच्या क्षणाला आहे.

"मागे घ्या," मालक म्हणाले. "हळू चालवा."

उमरने हळू चालवलं. आणि त्याचं लक्ष मोटारीवरून स्वतःवर गेलं. रेकॉर्डिंगमधला उमर विहिरीच्या दिशेला बघतोय. मग त्याची मान हळूहळू वळतेय. विहिरीपासून... अंगणातून... गेटापर्यंत. कुणी चालत जावं आणि आपण त्याला बघत राहावं, तशी. समोर कुणीही नाही.

शेजारी बसलेली शकुबाई उठून उभी राहते. पाठमोरी होते. आणि डोक्यावरून पदर पुढे ओढून घेते.

मालकांनी विचारलं, "मावशी, तुम्ही पदर कुणासाठी घेतलात?"

शकुबाई त्यांच्याकडे बघत म्हणाली, "सासरा म्होरून गेला की घ्यावा लागतो, सायेब."

मालक खाली बसले. मग पडत्या आवाजात म्हणाले, "माझं चुकलं. तुम्ही इथेच राहा. खोली तुमचीच."

"न्हाई सायेब. माज्यावरचा डाग गेला, झालं." ती आत जाऊन आपलं बोचकं बांधून घेऊन आली. "आन् राखनीला मानूस हाय तुमच्याकडं. त्येला माजी गरज न्हाई."

उमरने तिला मळवली स्टेशनला सोडलं. शिडी विसरली होती, म्हणून तो परत आला. मालक निघून गेले होते. अंगणातलं गवत दवाने पांढरं झालेलं होतं, पाय ठेवला की चप्पल भिजत होती. खांबाशी पोचला आणि थांबला.

कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, एक माणूस गुडघा वर घेऊन बसेल एवढं गवत... कोरडं होतं.

उमर वाकला. तिथे हात टेकवला.

जमीन कोमट होती.