सांध्यावरचं कुंकू

"भोंगा वाजलाच नाही, मॅडम!" तिप्पेस्वामी टोपी हातात धरून म्हणाला.

बेंगळुरूबाहेरच्या बर्फाच्या कारखान्यात सकाळी अमोनिया गळला आणि आतल्या खोलीत कामगार मुनियप्पा गुदमरून मेला. पाळीवरच्या तिप्पेस्वामीनेच भोंगा बंद केला, असं मालकांनी लिहून दिलं होतं. त्याला न्यायला हवालदार दारात उभा होता. कारखाना तपासणी खात्याच्या वनजाक्षीला मात्र एवढी घाई खटकली.

"तू काय केलंस?"

"वास आला, व्हॉल्व्ह बंद केला, आत धावलो. भोंग्याला शिवलोही नाही."

संगणक विभागाचा प्रमुख श्रीवत्स केसरीभात खात बसला होता. बाहेर प्रेत होतं आणि हा बोटं चाटत होता!

"झोपमोड नको म्हणून यानेच बंद केला असेल हो," तो म्हणाला. "आमचं यंत्र अखंड एकच विचारतं: वायू वाढलाय आणि व्हॉल्व्ह उघडा आहे? मग भोंगा. दसऱ्याच्या आयुधपूजेपासून यंत्राच्या पेटीला कुणी बोट लावलेलं नाही."

त्याने नोंदींचा कागद पुढे सरकवला. नोंद सतरा: वायू वाढला. नोंद अठरा: व्हॉल्व्ह बंद.

"यंत्राने कुठली नोंद कधी हाताळली, तो वेळेचा रकाना कुठे?"

"त्यात काय बघायचंय?"

वनजाक्षी पेटीपाशी गेली. झाकणाच्या सांध्यावर कुंकवाची पट्टी होती. झाकणावरचा तुकडा पेटीवरच्या तुकड्यापासून बोटभर सरकला होता.

"पूजा कुणी केली?"

"मीच, मॅडम," तिप्पेस्वामी म्हणाला. "सरळ एकच पट्टी ओढली होती."

तिने झाकण काढायला लावलं, आतला नवाकोरा दुसरा प्रोसेसर पाहिला, यंत्रातली मूळ नोंदवही पडद्यावर उघडायला लावली आणि श्रीवत्सकडे वळली.

"पूजेनंतर तुम्ही दुसरा प्रोसेसर बसवलात. नोंदी दोघांत वाटल्या गेल्या. सतरावी एकाकडे तुंबली, अठरावी दुसऱ्याने आधीच उरकली. सतरावीची पाळी आली तेव्हा यंत्राच्या लेखी व्हॉल्व्ह बंद होता. म्हणून भोंगा गप्प राहिला. मग तुम्ही कागदावर नोंदी क्रमाने लावल्यात आणि वेळेचा रकाना छाटलात."

"चूक झाली, मॅडम."

"चूक? आधीची नोंद संपेपर्यंत पुढचीने थांबायचं, ही अट यंत्रातून काढून टाकल्याची नोंद तुमच्याच नावावर आहे!"

"गिऱ्हाईकं बघायला येणार होती. थांबत बसलं की पडदा संथ चालतो."

वनजाक्षीला किळस आली. तिने केसरीभाताची बशी टेबलावरून बाजूला सारली आणि हवालदाराला श्रीवत्स दाखवला.

तिप्पेस्वामी जागचा हलला नाही.

"मॅडम, भोंगा वाजला असता तर मुनियप्पा बाहेर आला असता?"

"आला असता."

टोपी न घालताच तो बाहेर मुनियप्पाच्या प्रेतापाशी जाऊन उभा राहिला.