मांडीवर घेतलेली पोर

हसा लेकांनो, हसा. गाडीत बसलेल्या लहान पोरांचा पट्टा मी स्वतः ओढून बघतो, म्हणून कटकट्या म्हातारा म्हणता ना मला? मग ऐका. आपल्याच टॅक्सी स्टँडवर एक ड्रायव्हर होता, मास्तर म्हणायचो त्याला. त्याच्यासोबत घडलेलं सांगतो. थाप वाटली तर खुशाल उठून जा.

गेल्या मार्चमधला दुसरा शनिवार. बेटावर येणारी शेवटची बोट रखडत रखडत रात्री साडेअकराला लागली. सुट्टीला आलेलं एक कुटुंब उतरलं. नवरा, बायको आणि चार वर्षांची लेक. लॉज बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. बाई आधीच धास्तावलेली.

"दादा, रस्ता धड आहे ना? लेकरू आहे सोबत."

"ताई, निर्धास्त बसा. तुमच्या लेकीला काही होऊ देणार नाही," मास्तर म्हणाला. मागच्या छोट्या सीटवर त्यानं पोरीला बसवलं, पट्टा लावला, ओढून बघितला.

नारळांच्या बागेपाशी पोरीला शू लागली. रात्री तिथं कुणी थांबत नाही, मास्तरलाही थांबायचं नव्हतं. पण लेकराला किती दाबून धरायला लावणार? बाई तिला गाडीमागे घेऊन गेली, कडेला बसवलं. अंधार असा, की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही. पोर येऊन पायांना बिलगली, तशी तिला ओढणीत गुंडाळून बाई परत आली.

"पेंगुळलीय हो. मांडीवरच राहू दे."

मास्तर पट्ट्यासाठी अडून बसला. नवरा वैतागला, "चला हो, आधीच उशीर झालाय!" मास्तरनं ऐकलं. तिथंच चुकलं.

थोडं पुढं गेल्यावर बाई म्हणाली, "किती गार पडलीय ही..."



मग मागून, रस्त्यावरून, हाक आली.

"आई... मला सोडून नको ना जाऊ..."

लेकीचाच आवाज.

 बाईला मांडीकडं बघायची हिंमत होईना. मास्तरनं आरशात पाहिलं. ओढणी हलली. एक इवलासा हात बाहेर आला. बाईच्या गळ्याभोवती पडला.

"आई... मागे नको बघू."

...

मास्तरचा पाय आधी ॲक्सिलरेटरवरच गेला. पण शब्द दिला होता ना त्यानं! गाडी वळवली.   बाईच्या गळ्यावरची मिठी आवळत गेली... आवळत गेली...

बाग आली. गाडीच्या दिव्यांच्या उजेडात, रस्त्याच्या कडेला, लेक उभी.

बापानं उडी मारून तिला उचललं. त्याच क्षणी बाईचा गळा सुटला. मांडीवर फक्त ओढणी. निथळत होती.

मास्तरनं गाडी थेट लॉजवर आणली. पायरीवर दिव्याखाली बाईनं लेकीला उतरवलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि हात तसाच राहिला. दिवसभर पोरीचे केस मोकळे होते. आता दोन वेण्या होत्या. चापूनचोपून घातलेल्या. ओल्या.

"कुणी घातल्या गं?"

पोरीनं जांभई दिली.

"त्या दुसऱ्या आईनं."