बोच

त्या संध्याकाळी मळ्यातल्या मारुतीच्या देवळात द्वारकाबाईंनी बिल्डर उल्हास बेडग्याला नाव न घेता असं काही फैलावर घेतलं, की पूर्वीचे दिवस असते तर माणूस चपला तिथेच टाकून पळाला असता.

"देवाला चांदीचा मुकुट करतोस," चिपळ्या थांबवून बाई म्हणाल्या, "आणि जिनं तुला न्हाऊमाखू घातलं ती याच देवळाच्या ओवरीत चटईवर निजते. देव आंधळा आहे, असं तुला सांगितलं कुणी?"

उल्हासची आई शेवंताबाई त्याच ओवरीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. सुनेशी बिनसलं म्हणून सहा महिन्यांपूर्वी लेकानं तिला इथं आणून सोडलं होतं. साऱ्या मिरजेला हे ठाऊक होतं. सगळ्यांच्या माना उल्हासकडे वळल्या.

उल्हास पहिल्या रांगेत डोळे मिटून डोलत होता.

कीर्तन संपल्यावर तो हार घेऊन पुढे आला. "ताई, काय गोड झालं हो! आईचा विषय काढलात तेव्हा तर डोळ्यांत पाणीच आलं." त्यानं बाईंना वाकून नमस्कार केला, ओवरीपुढून जाताना आईलाही केला, आणि गाडीत बसून घरी गेला. आई चटईवरच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई भाच्याच्या स्टुडिओत येऊन बसल्या. "मी त्याला सोलला रे निरू, आणि तो म्हणतो गोड! मी काय श्रीखंड वाढत होते?"

निरंजनला हसू आलं नाही. त्यानं फोन उचलून एक नंबर लावला.

निरंजनचं काम होतं मास्टरिंगचं. गाणं ध्वनिमुद्रित होतं, त्यातले वेगवेगळे आवाज जुळवले जातात, आणि सगळ्यांत शेवटी एक माणूस ते सबंध ऐकून त्यावर अखेरचा हात फिरवतो. कुठे आवाज दबला असेल तो उचलायचा, कुठे शकार, म्हणजे श-सची शिट्टी, कानाला टोचत असेल त्याची धार उतरवायची, आणि गाणं मोटारीत लावा, मोबाइलवर लावा, कार्यालयात लावा, ते नीट पोचेल असं करायचं. पण हे झालं जुन्या काळचं. आता तो अखेरचा हात प्रत्येकाच्या कानातच फिरत असे. ज्वारीच्या दाण्याएवढा कर्णमणी एकदा कानात बसवला की दिवसभर तिथेच. बाहेरचा प्रत्येक आवाज आधी मण्यातून जाई आणि मगच कानाच्या पडद्यावर पडे.

"पण त्यानं बोलण्यातला अर्थ कसा बदलतो?" आत्यांनी विचारलं. हा प्रश्न निरंजनला नव्हता. तो होता डॉ. नौशीन सतारमेकर यांना. कर्णमणी ज्यांच्या प्रयोगशाळेत जन्मला त्या याच. निरंजननं त्यांना बोलावून घेतलं होतं. त्यांच्या आजोबांनी आत्यांचा तंबोरा बांधला होता, त्यामुळे डॉक्टर आल्या त्या थेट आत्यांच्या पायाशी सतरंजीवर बसल्या.

"अर्थ नाही बदलत आत्याबाई. शब्द तेच राहतात. काही टोचणारं ऐकलं की माणसाच्या मेंदूत एक बारीक लाट उठते. आम्ही तिला बोच म्हणतो. काचेवर नख ओढलं तरी बोच उठते, आणि कुणी वर्मावर बोट ठेवलं तरी उठते. मणी कानाच्या कातडीवरून ती लाट ओळखतो, आणि त्याच क्षणी समोरच्या आवाजातली धार उतरवतो. शब्दाआधीची ती थांबण्याची जागा, आवाज कडक होणं, दातांवर आपटलेलं अक्षर, सगळं मऊ करतो."

"म्हणजे मिरची ताटात, पण तिखट काढून घेतलेलं."

"तसंच."

"अगं, मग झांजेचा आवाजही टोचतोच की! तो बरा राहिला?"

डॉक्टर हसल्या. "बरोब्बर विचारलंत. सगळीच बोच काढली तर संगीतच मरेल. तंबोऱ्याच्या घोडीची जवारी फार घासली की तार बोलायची थांबते, तसं. कुठली बोच काढायची आणि कुठली ठेवायची, हे मण्याला कुणीतरी जाणत्यानं शिकवावं लागतं. त्या माणसाला आम्ही संदर्भकान म्हणतो. तो ऐकत बसतो. समोर दाबायच्या दोन कळा. टोचलं आणि नको वाटलं तर 'काढ'. टोचलं, पण हवं वाटलं तर 'राहू दे'. जगातला प्रत्येक मणी पुढे आपापल्या माणसाकडून शिकतो खरा, पण पाया त्या एका कानाचा."

"आणि तो शहाणा कोण?"

डॉक्टरांनी निरंजनकडे पाहिलं. निरंजननं फरशीकडे.

"अगंबाई," आत्या म्हणाल्या. "घरातलाच निघाला."

डॉक्टरांनी आपल्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर तेव्हाची नोंद उघडली. निरंजनच्या कळांचा सारा इतिहास तिथे रेघांत होता. "बहुतेक ठिकाणी तुझा कान चोख आहे. झांज राहू दे, सनईची फुंक राहू दे. पण ही एक जागा बघ. इथं सलग 'काढ', 'काढ', 'काढ'. आणि हा माणसाचा नुसता बोलण्याचा आवाज आहे. मणी इथंच शिकलेला दिसतो की कानउघाडणी म्हणजे खराब आवाज. काय होतं इथं?"

"शकार होता," निरंजन म्हणाला. "टोचत होता."

"कुठलं मुद्रण होतं?"

मास्टरिंग करणाऱ्यांची एक सवय असते. नव्या खोलीत, नव्या यंत्रासमोर बसलं की ते आधी आपल्या हाडीमाशी भिनलेलं एखादं मुद्रण लावतात. ते कसं वाजायला हवं हे पाठ असतं, म्हणून यंत्राचं खरंखोटं कळतं. निरंजननं शिकवणीला तेच केलं होतं. त्याला श्वासन् श्वास पाठ असलेलं एकच मुद्रण होतं.

"आत्याचं," तो म्हणाला. "माझे वडील, दादा, गेल्यानंतरचं कीर्तन."

डॉक्टरांनी ते उघड्या स्पीकरवर लावलं. स्टुडिओत काम करताना निरंजन मणी काढून ठेवी. त्यामुळे ते त्याच्यावर जसंच्या तसं आदळलं. आत्यांचा तेव्हाचा खणखणीत आवाज म्हणत होता, "ज्याचे कान जगाच्या गाण्यासाठी उघडे, त्याला स्वतःच्या बापाचा श्वास ऐकवेना! बाप दाराकडे डोळे लावून गेला. हा कुठे होता? हा आवाज गोड करत होता."

कीर्तनाच्या गादीवर उभं राहिलं की नातं खाली ठेवायचं असतं. वय खाली ठेवायचं, ओळख खाली ठेवायची. हरिदास तिथं कुणाचा काका नसतो की कुणाची आत्या नसते. म्हणूनच आपल्यासारखे लोक तिथं जाऊन बसतात. घरात जे कुणी सांगणार नाही ते तिथं ऐकायला मिळतं, आणि मान खाली घालून घरी येताना थोडं हलकंही वाटतं. निरंजन तेव्हा दादांच्या बाराव्याला मुंडलेलं डोकं घेऊन त्या सभेत बसला होता. हलकं मात्र त्याला कधी वाटलं नव्हतं.

मुद्रण थांबलं. खोटं बोलायला आता जागा नव्हती.

"दादांचा घसा गेला होता," तो म्हणाला. "श्वास घेतला की करवत चालवल्यासारखा आवाज यायचा. मला तो सहन व्हायचा नाही. काम आहे असं सांगून मी इथं येऊन बसायचो. काम नसायचं आत्या. ते गेले तेव्हाही मी इथंच होतो, नुसता. कानावर हेडफोन घालून."

इतकी वर्षं जे वाक्य जिभेवर आलं नव्हतं ते बाहेर पडलं होतं. आता आत्या काय करतील? थोबाडीत देतील, तोंड फिरवतील, रडतील. काहीही चाललं असतं.

द्वारकाबाईंचा चेहरा पाळण्याचं गाणं ऐकल्यासारखा निवला होता. "बरं झालं बाळा, बोललास. किती छान बोललास! झालं ते झालं."

निरंजनला आधी कळेना. मग त्यानं त्यांच्या कानाकडे पाहिलं. वयामुळे त्यांना ऐकू येत नसे, मण्यावरच सारी भिस्त. तोच मणी. त्यानंच शिकवलेला. त्याच्या कबुलीतली सारी धार मण्यानं वाटेतच उतरवून घेतली होती आणि आत्यांनी त्याला माफ केलं होतं, जिव्हाळ्यानं, मनापासून, न दुखता.

डॉक्टरांचे डोळे मात्र भरून आले होते. त्याही मणी काढून बसल्या होत्या. "परत शिकवायला हवं," त्या हलकेच म्हणाल्या. "आणि तुलाच बसावं लागेल, निरंजन. दुसरं कुणी आणलं तर त्याचा कान मण्यातच वाढलेला. ज्याला बोच ठाऊकच नाही तो ती राखणार कशी?"

"मी बसेन," निरंजन म्हणाला.

"मग मी उभी राहते," आत्या म्हणाल्या. "जुनं कशाला? ताजं वाढते."

स्टुडिओत गादी घातली. पेटीवाला, तबलजी आले, मणी काढून बसले. नऊवारी नेसून, शेला घेऊन द्वारकाबाई उभ्या राहिल्या. निरंजननं त्यांना नमस्कार केला तेव्हा त्यांनी घरचा आशीर्वाद दिला नाही, नुसती मान हलवली. गादीवर त्या आता त्याच्या कुणी नव्हत्या. त्याच्या समोर दोन कळा होत्या.

नामाचा गजर झाला. बाई उल्हासवर आल्या, पुन्हा पहिल्यासारख्या. आवाज कडक झाला. टोचलं. 'राहू दे'. शेजारणीच्या घरात काय शिजतं ते हुंगणाऱ्यांवर आल्या. तबलजी दचकला, निरंजनला हसू आलं. 'राहू दे'. मग आल्या गोड करणाऱ्यावर. निरंजनच्या कानशिलांत रक्त भरलं, डोळ्यांपुढची कळ धूसर झाली, पण अंगठा चुकला नाही. 'राहू दे'. 'राहू दे'. काचेपलीकडून डॉक्टरांनी मूठ आवळून शाबासकी दिली. निरंजन रडत होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला बरं वाटत होतं.

"बाप निजला आहे," बाई म्हणाल्या. आवाज उतरला. "आणि बापाचा श्वास असा चालला आहे."

त्यांनी तो श्वास घेतला.

भावाच्या उशाशी त्या अखेरपर्यंत बसल्या होत्या. त्यांना तो जसाच्या तसा ठाऊक होता. आत ओढताना करवत, मध्ये थांबणं, पुन्हा येईल की नाही असं थांबणं, आणि बाहेर सोडताना तो ओला खरखराट. शब्द नाही, सूर नाही. त्यांनी तो पुन्हा घेतला. आणि पुन्हा.

निरंजनचा अंगठा 'काढ'वर होता. तो तिथं कधी गेला हे त्याला कळलं नाही. श्वास संपून आख्यान पुढे गेलं तेव्हा कळ खाली दबलेलीच होती.

आत्ता सांगू, असं त्याला वाटलं. हे संपलं की सांगू. आरती झाली. डॉक्टरांनी आत्यांना हार घातला. आत्यांनी गादीवरून उतरून त्याच्या कपाळाला बुक्का लावला. "शाब्बास रे निरू." डॉक्टर म्हणाल्या, "तू किती जणांना माणसात आणलंस, तुला कल्पना नाही." सगळे त्याच्याकडे बघत होते. तो "हं" म्हणाला.

नवी शिकवण साऱ्या मण्यांत गेली. पहिले काही आठवडे मोठा गोंधळ उडाला. घराघरांतून भांडणं झाली, तक्रारी आल्या, आणि मग देवळांतून माना खाली जाऊ लागल्या. मळ्यातल्या मारुतीपुढं बाईंनी पुन्हा तेच निरूपण केलं, तेव्हा उल्हास बेडगे ऐकता ऐकता उठला, सभेतून सरळ ओवरीत गेला, आईपुढं बसला आणि ढसाढसा रडला. त्याच रात्री तिला घरी नेलं. गाव निरंजनला हात जोडू लागलं. त्यानं मणी घालणं सोडून दिलं. कुणी विचारलं तर म्हणे, कामात अडचण होते.

थंडीत शेवंताबाई आजारी पडल्या. आत्यांनी मारुतीचा अंगारा देऊन निरंजनला धाडलं. दुपारची वेळ होती. जिना चढतानाच त्याला तो आवाज ऐकू आला. त्याचे पाय थबकले, पण तो वर गेला.

उल्हास आईच्या पलंगापाशी उभा होता. तिला स्वच्छ लुगडं नेसवलं होतं, उशाशी फुलं होती. "या, या. बघा, कशी शांत झोपलीय."

"डॉक्टर आले होते?"

"सकाळी येऊन गेले. म्हणाले, आता फक्त जवळ बसा. पण मला तर सुधारणा दिसते. श्वास ऐका की, कसा संथ चाललाय. मी जरा साइटवर जाऊन येतो, स्लॅब आहे आज."

पलंगावर करवत थांबली. बराच वेळ थांबली. पुन्हा सुरू झाली.

"उल्हासराव, कानातला मणी काढा."

"का हो?"

"काढा."

त्यानं काढला. पहिला श्वास ऐकला तेव्हा तो काय आहे हेच त्याला समजलं नाही. दुसऱ्याला तो आईकडे वळला. तिसऱ्याला त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. "हे... कधीपासून?"

"आजारी पडल्यापासून असेल. तुम्हाला ऐकू येत नाही, कारण मणी तो आवाज काढून टाकतो. मी शिकवलं त्याला. मला सोसत नाही म्हणून." निरंजननं मान खाली घातली. "मारा मला. पण इथं बसा."

पलंगावर पुन्हा तो ओला खरखराट झाला, आणि उल्हासचा हात, त्याच्याही नकळत, मुठीतला मणी चाचपू लागला. त्यानं तो कानात बसवला. चेहऱ्यावरच्या शिरा सैल झाल्या. त्यानं आईकडे पाहिलं, माया भरून आल्यासारखं.

मग तो वाकला आणि निरंजनच्या पायांना हात लावला.

"फार उपकार केलेत हो," तो म्हणाला, "फार उपकार केलेत," आणि गाडीची किल्ली घेऊन खाली गेला.